रोझिकाच्या सोमवारच्या बरण्या

रोझिका लोनचार आमच्या कारखान्यात गाळणी विभागात होती. झाग्रेबच्या पूर्वेला, चेस्मा नदीकाठचा हा कारखाना प्रतिजैविक औषध बनवायचा, म्हणजे खरं तर औषध बनवायचे जिवाणू. पोलादी टाक्यांमध्ये ते पाच-सहा दिवस वाढले की तो सगळा घट्ट रस्सा गाळणीवर यायचा. पिवळं पाणी पुढे जायचं, त्यातून औषध निघायचं. कापडावर उरायचा जिवाणूंचा चोथा. तो लाकडी फावड्यानं खरवडायचा, कापड धुवायचं, पुन्हा ताणून बसवायचं, हे रोझिकाचं काम. तिचा डोक्याचा रुमाल मूळचा पांढरा होता, पण मी तो कायम पिवळाच पाहिला.

गाळणीपाशी ओल्या मातीचा वास असायचा. हे जिवाणू मुळात मातीतलेच. नवी माणसं नाक मुरडायची. रोझिका म्हणायची, "मला तर बरं वाटतं बाई. घरचं शेत विकलं, तरी वास तेवढा राहिला."

मी झ्लाता, प्रयोगशाळेत सहायक. पंचाहत्तर साली मी चोवीसची होते आणि ती माझ्या आईच्या वयाची, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे.

तो चोथा तिथेच वाळवून, पोत्यात भरून कामगारांना स्वस्तात मिळायचा; भरताना त्याची बारीक धूळ गाळणी विभागभर उडायची. डुकरांना घालायला. त्यात औषधाचा थोडा अंश उरलेला असायचा, त्यामुळे पिल्लं आजारी पडायची नाहीत आणि भराभर अंग धरायची. रोझिका आणि तिचा नवरा श्टेफ चार-पाच डुकरं पाळायचे. श्टेफ लाकूडगिरणीत होता, शांत माणूस. पोती उघडायचं, चोथा हातानं कालवायचं काम त्याचं. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. माझ्या काकांकडेही तीच पोती जायची.

त्याच वर्षी डॉ. नेवेन्का ब्रेझाक आमच्या प्रयोगशाळेत आल्या. जिवाणूंच्या आनुवंशिकीचा त्यांचा अभ्यास. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "आपला जिवाणू दुसऱ्या जिवाणूंना मारणारं विष बनवतो. मग त्या विषानं तो स्वतः का मरत नाही?"

मी म्हटलं, "त्याच्याकडे स्वतःला वाचवायची सोय असणार."

"आहे. त्याच्या जनुकांमध्ये आहे. आणि ती जनुकं या चोथ्यातून रोज बाहेर जाताहेत. ती माणसाच्या पोटातल्या जिवाणूंना मिळाली, तर उद्या हे औषध त्या माणसाला लागू पडेल का?"

हे तपासायचं तर कामगारांची विष्ठा तपासायला हवी. डॉ. ब्रेझाक कपडे बदलायच्या खोलीत गेल्या आणि सरळ मागणी केली. फोरमन मातो म्हणाला, "घ्या! आमच्याकडून एवढंच घ्यायचं राहिलं होतं!" सगळे हसले. बाईंचा चेहरा लाल झाला.

रोझिका बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "मी देते. माझं काय जातंय? आणि जातंय ते रोज जातंच आहे."

तिच्यामागून आणखी सहाजण तयार झाले. पण नेमानं दिलं ते तिनंच. दर सोमवारी सकाळी मोहरीच्या चटणीची रिकामी बरणी, उकळत्या पाण्यानं धुतलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "हे घे पोरी, ताजं आहे," म्हणून माझ्या हातात द्यायची.

वर्षभरात चित्र स्पष्ट झालं. तुलनेसाठी तपासलेल्या कचेरीतल्या कारकुनांच्या पोटातले बहुतेक जिवाणू आमच्या औषधानं मरत होते. रोझिकाच्या पोटातले जवळजवळ एकही मरत नव्हते. तिच्या डुकरांचेही नाहीत. डॉ. ब्रेझाकनी अहवाल लिहिला. वरून निरोप आला की आणखी तपासा, घाई नको, आणि तोवर कामगारांना काही सांगू नका. डॉ. ब्रेझाक चिडल्या, पण थांबल्या. आणि मी गप्प बसले.

रोझिका दर सोमवारी विचारायची, "काय गं, काय निघालं माझ्यात?"

"सगळं ठीक आहे, मावशी."

मार्च, एप्रिल, मे. दर सोमवारी मी तेच सांगत राहिले.

जूनमध्ये श्टेफला ताप भरला. लघवीला जळजळ, कमरेत कळा. गावच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला आमच्याच कारखान्याच्या गोळ्या दिल्या. सगळीकडे त्याच मिळायच्या. रोझिका मला जिन्यात भेटली तेव्हा खुशीत होती. "बघ, माझ्या हातचं औषध माझ्याच माणसाला!" मी काहीतरी बोलायला हवं होतं. दवाखान्यात फोन करायला हवा होता. मला वाटलं, डॉक्टर बघतीलच की. पाच दिवस ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी त्याला जवळच्या ब्येलोवार शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा विष रक्तात भिनलं होतं. तिथे तिसऱ्या दिवशी श्टेफ गेला.

अंत्यविधीनंतर आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"आणि श्टेफ जूनमध्ये गेला."

"हो."

तिनं पुढची शेंग उचलली. मला बसही म्हणाली नाही. मग म्हणाली, "सोमवारी येते. मला बघायचंय."

ती आली. मी तिच्यासमोर दोन काचेच्या बशा ठेवल्या. दोन्हींत मधोमध औषध लावलेली कागदाची चकती होती. एका बशीत चकतीभोवती रिकामं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं, औषधानं जिवाणू मारले होते. दुसरीत ते अगदी चकतीला खेटून वाढले होते.

"ही माझी?"

"हो, मावशी."

तिनं ती दुसरी बशी उजेडात धरली. डॉ. ब्रेझाक बाजूला उभ्या होत्या. रोझिकानं विचारलं, "म्हणजे टाकीतल्या जिवाणूंनी माझ्या पोटात घर केलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तुमच्या पोटातल्या जिवाणूंची जनुकं वेगळी आहेत, आपल्या जिवाणूची नाहीत. रोज औषधाची धूळ तुमच्या पोटात गेली. जे जिवाणू तिला दाद देत होते ते मेले. दाद न देणारे राहिले, वाढले."

"मग त्या टाकीतल्या बिचाऱ्यांचा दोष नाही."

"नाही. आपण औषध सांडलं, हा आपला दोष."

"आणि श्टेफचं?"

"त्याची लघवी कुणी तपासलीच नाही, रोझिका. त्यामुळेच गेला असं मी शपथेवर नाही सांगू शकत. पण मला तसंच वाटतं."

रोझिकानं मान हलवली. खोटा दिलासा मिळाला नाही, याचं तिला बरं वाटलं असावं.

सप्टेंबरात, कारखान्याचे निर्णय मतदानानं घेणाऱ्या कामगार मंडळाची सभा होती. रोझिका एकोणीस वर्षांत तिथे एकदाही बोलली नव्हती. ती उभी राहिली, पिशवीतून ती बशी काढली आणि टेबलावर ठेवली. तिनं तीन मागण्या केल्या. चोथा विकणं बंद करा. गाळणीवाल्यांना मुखपट्ट्या आणि हातमोजे द्या. आणि ज्याचं तपासलं जातं त्याला निकाल सांगा.

संचालक म्हणाले, "कॉम्रेड लोनचार, हा शास्त्राचा प्रश्न आहे."

"शास्त्र माझ्याच पोटातून निघालंय, कॉम्रेड."

कुणीतरी हसलं. मातोनं त्याला दटावलं, आणि मतदानात पहिला हात त्यानंच वर केला. पाठोपाठ मी. चोथ्याची विक्री थोडक्या मतांनी बंद झाली. हातमोजे महिन्याभरात आले. बंदिस्त गाळणी यायला चार वर्षं लागली.

या सगळ्याची किंमत रोझिकानंच मोजली. स्वस्त पोती बंद झाली म्हणून अर्धं गाव तिच्यावर खार खाऊन होतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "नवरा गेला तुझा, आमची डुकरं का मारतेस?"  रोझिकानं स्वतः डुकरं पाळणं सोडलं.

तिची बदली उपाहारगृहात झाली. बरण्या मात्र तिनं थांबवल्या नाहीत. "धूळ बंद झाल्यावर किती दिवसांनी साफ होतं ते कळायला नको?" म्हणाली. मला आता ती पोरी म्हणत नव्हती. झ्लाता म्हणायची. आणि मी निकालाचा आकडा दर वेळी कागदावर लिहून तिच्या हातात द्यायचे, वाईट असला तरी. पहिलं वर्ष काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या वर्षी निम्मे जिवाणू औषधानं मरू लागले. सातव्या वर्षी दहातला एकच टिकून होता.

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

त्र्याऐंशी साली डॉ. ब्रेझाकचा लेख छापून आला. मी त्याची प्रत तिच्याकडे नेली. तिनं चष्मा लावला आणि बोट ठेवून तक्ता वाचला. 'गाळणी कामगार, स्त्री, वय ४६.'

"सत्तेचाळीस होतं तेव्हा," ती म्हणाली. मग तक्ता पुन्हा वरून खाली पाहिला. "श्टेफचं यात काही नाही?"

"नाही. त्याचं तपासलं नव्हतं ना."

"हो. तपासलं नव्हतं."

तिनं लेखाची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली. मग पहिल्यांदाच मला बस म्हणाली. आम्ही कॉफी घेतली, तिच्या मुलीच्या बाळंतपणाविषयी बोललो.

दोन हजार चार साली ब्येलोवारला मुलीकडेच ती वारली. हृदयविकारानं, झोपेत. थडग्यापाशी मातो आला होता, काठी टेकत. डॉ. ब्रेझाक झाग्रेबहून बसनं आल्या होत्या. शेजारीणही आली होती. पाद्र्यानं नाव वाचलं, तेव्हा मला कळलं की रोझिका हे लाडाचं नाव, कागदोपत्री ती रोझालिया होती.