दोरीवरची साडी

दर गुरुवारी संकेश्वरहून बेळगावला येताना बसमध्ये त्या बाई शेजारी असत. मांडीवरच्या पिशवीत कायम एक ओली, पिळलेली साडी. शेवटी मी विचारलंच.

"आई अंथरुणाला खिळलीया, म्हणून वरीस झालं संकेश्वरात हाय. बेळगावात शहापुरला आमची जुन्या, कमी भाड्याची खोली. कुलूप बघून घरमालक म्हणतोय, ऱ्हात न्हाईसा तर सोडा. मग जाऊन दोरीवर साडी घालून येते. घरात बाईमाणूस हाय, असं दिसतंय."

पुढच्या गुरुवारी पिशवीत साडी होतीच, वर भाजलेल्या शेंगांची पुडी.

"घरमालकिणीला," त्या हसत म्हणाल्या. "मागं लई पाऊस आलता, तर तिनंच साडी काढून घडी करून ठेवलती. आता सांगा, न ऱ्हाणारीची साडी कोण उचलतंय?"