ट्यूनिंगची चिठ्ठी, पेट्रोलची चिठ्ठी

कळंबच्या चिंतामणीला मी एकदा नवस बोलले होते. "बाप्पा, यंदा तरी चांगली गाडी दारात येऊ दे. मग तिच्याबाबतीतला एकही निर्णय तुला विचारल्याशिवाय घेणार नाही." बोलताना मला वाटलं, गाडीत देवाला विचारण्यासारखं असतं तरी काय? त्या एका वाटण्यापायी माझी जी फजिती झाली, ती ऐकाच. चहा ठेवला आहे, तो उकळेपर्यंत होईल सांगून.

गाडी आली. छोटी पिकअप, पेट्रोलवर चालणारी. आमचा मंगेश तिच्यावर भाडी मारायला लागला आणि मी देव्हाऱ्यापुढे चिठ्ठ्या टाकायला लागले. हॉर्न कोणता? चिठ्ठी. ताडपत्री निळी की पिवळी? चिठ्ठी. काचेपुढे लिंबू-मिरची लोंबवायची की नाही? चिठ्ठी! आणि दरवेळी चांगलंच निघायचं हो. आता ताडपत्री निळी काय नि पिवळी काय, त्यात वाईट निघणार तरी काय होतं? पण हे तेव्हा सुचायला हवं ना!

मग एक दिवस आमच्या नेरच्या रशीद मिस्त्रींनी लॅपटॉप घेतला.

रशीद मिस्त्री म्हणजे मोठा बोलका माणूस. आधी पान्याने गाड्या दुरुस्त करायचे, आता गाडीला वायर जोडून पडद्याकडे असं बघतात, जणू तिची कुंडलीच मांडली आहे. त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, ह्यांना आणि मंगेशला, समोर बसवून सांगितलं, "भाभी, आता इंजिनची ट्यून आपल्या मर्जीनं बदलता येते. एक ट्यून माइलेजवाली. गाडी आरामात चालन, पेट्रोल कमी खाईन. दुसरी लोडवाली. चढावर अशी खेचन का बस! अन् पेट्रोलबी दोन जातीचं भेटते. साधं येते एक्क्याण्णव ऑक्टेनचं, अन् भारीवालं पंच्याण्णवचं. तर लोडवाल्या ट्यूनले..."

आकडा कानावर पडला की माझं डोकं बंद पडतं. आणि तोवर बापलेकांची जुंपलीही होती.

"लोडवाली!" मंगेश म्हणाला. "मांडववाल्या विलासभाऊंनं पुसदची ट्रीप देली हाय. लग्नाच्या स्वयंपाकाचं सामान. हे काम बरोबर झालं तं पुऱ्या सीझनच्या ट्रिपा आपल्याले."

"माइलेजवाली," हे म्हणाले. "तुले काय शर्यतीत पयवाची हाय का गाडी?"

"बाबा, तुमाले धंद्यातलं समजत नाही."

"अन् तुले समजते? कालपरवा गिअर शिकला तू!"

त्यानंतर घरात जे अबोले सुरू झाले, ते विचारू नका. एकाला वाढलं की दुसरा ताटावरून उठे. हे मला म्हणत, "मंग्याच्या माय, तुह्या पोराले सांग, भाजी तिकट हाय." पोरगा शेजारीच बसलेला! भाजीचा आणि त्याचा काय संबंध?

शेवटी मी स्नान करून देव्हाऱ्यापुढे बसले. तांदळावर सुपारी मांडली, चार चिठ्ठ्या केल्या. दोन ट्यूनिंगच्या, दोन पेट्रोलच्या. दोघांनाही समोर बसवलं, डोळे मिटले आणि एक चिठ्ठी उचलली.

'लोडवाली.'

मंगेशने टाळीच वाजवली. ह्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मी दुसऱ्या जोडीतली चिठ्ठी उचलली.

'साधं पेट्रोल.'

आता ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पाह्यलं? देवाले समजते खर्च काय असते ते!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! केवढा हा न्याय! पोराची ट्यून, बापाचं पेट्रोल. कोणीच हरलं नाही. मंगेश मात्र डोकं खाजवत म्हणाला, "आई, पण रशीदभाई काईतरी म्हनत होते, त्या ट्यूनले..."

"चूप," मी म्हटलं. "देवानं देलं त्याच्यातबी 'पण' काढतं?"

त्या दिवशी दोघं एका पंगतीत जेवले. मी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला.

दुसऱ्या दिवशी रशीद मिस्त्रींनी ट्यून चढवली. जाताना म्हणाले, "भाभी, पेट्रोलचं ध्यानात हाय ना?" मी हसून सांगितलं, "त्याची काळजी नका करू भाऊ, पेट्रोलचं आमचं पक्कं ठरलं हाय." बिचारे निश्चिंत होऊन चहा प्यायला गेले.

पुसदच्या ट्रीपला आम्ही तिघंही निघालो. लग्न माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं, म्हणून मी. आणि सामान नीट पोहोचतं की नाही हे बघायला हे. मागे गंज, म्हणजे भाता-वरणाची मोठमोठी पातेली, भट्ट्या, झारे, सराटे. दिग्रसपर्यंत गाडी अशी पळाली की मी वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडायच्या आत देऊळ मागे जात होतं.

पुढे पुसदच्या अलीकडचा घाट लागला, आणि खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवावेत तशी.

"गंज वाजून राह्यले," मी लगेच निदान केलं. "थांबव गाडी."

गाडी थांबवून गंजांमध्ये पोती कोंबली. निघालो. खडखड!

"झारे असतील," हे म्हणाले. झारे बांधले. खडखड!

मग मी बॅगेतून माझं लग्नात नेसायचं लुगडं काढलं आणि भट्टीच्या झाकणाभोवती गुंडाळलं. आता मागे इतकी शांतता झाली की पुढचा आवाज स्वच्छ ऐकू आला. खडखड आमच्या पायांखालून येत होती. इंजिनातून.

मंगेशने गाडी बाजूला घेतली. त्याचा चेहरा उतरला होता. तिकडे आचारी सामानाची वाट बघत असणार, विलासभाऊंचे फोन सुरू झालेले. त्याने आधी रशीद मिस्त्रींना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"भाभी, पेट्रोल कोन्तं टाकलं?"

"साधं."

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला.

"पंच्याण्णवचंच पाहिजे म्हनून मी सांगतलं होतं ना! साधं टाकाले कोनं सांगतलं?"

खोटं तर बोलवेना. "चिंतामणीनं," मी म्हणाले.

"कोन चिंतामणी? पंपावरचा?"

"नाही हो भाऊ. कळंबचा."

मिस्त्रींनी खाकरून विचारलं, "अन् ट्यून?"

"तेबी त्यानंच देली."

"येकाच चिठ्ठीत?"

"नाही. दोन जोड्या केल्या होत्या."

"या अल्ला! भाभी, ट्यून अन् पेट्रोल, हे येकच काम हाय. त्या ट्यूनमधे साधं पेट्रोल येळेच्या आधीच पेट घेते, म्हनून इंजिन ठोकून राह्यलं. तुमी त्या सवालाचे दोन तुकडे केले अन् मंग बाप्पाले विचारलं. तो काय करीन बिचारा?"

खरं होतं. म्हणजे एका चिठ्ठीत वार काढावा नि दुसरीत भाजी, आणि एकादशीला वांगं निघावं, तशातली गत! दोष एकादशीचा नाही, वांग्याचाही नाही. जोडी लावणारीचा!

मिस्त्रींनी उपाय सांगितला. गाडी हलकी करा, छोट्या गिअरमध्ये हळूहळू चढवा, ॲक्सिलेटर दाबू नका, आणि पुसदला पोहोचलात की आधी भारीवालं पेट्रोल भरा. सामान तर उतरवता येत नव्हतं. मग उतरणार कोण? हे आणि मी! शिवाय जेवढे झारे-सराटे हातात मावले, तेवढे घेऊन.

मंगेश पुढे हळूहळू गाडी चढवतो आहे, मागून आम्ही दोघं खांद्यावर झारे घेऊन घाट चढतो आहोत, असा तो देखावा. एक मोटारसायकलवाला थांबला. चप्पल काढून माझ्या पाया पडला.

"कोन्ता नवस हाय माय?"

"गाडीचा," मी म्हटलं.

"पावला का?"

ह्यांनी घाम पुसत उत्तर दिलं, "पायाले पावला!"

हसले मी, पण चालता चालता मन कुठल्या कुठे गेलं. मी देवाला विचारलं म्हणते, पण खरंच विचारलं होतं का? मला इंजिनचं काही जाणून घ्यायचंच नव्हतं. घरातलं भांडण मिटायला हवं होतं, एवढंच. नवऱ्याला नाही म्हणवत नव्हतं, पोरालाही नाही म्हणवत नव्हतं. म्हणून चिंतामणीला मध्ये बसवलं. आणि जो माणूस सगळं नीट सांगत होता, त्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. देव माणसाच्या तोंडून बोलतो असं मी दर चतुर्थीला पोथीनंतर बायकांना सांगते. तो रशीद मिस्त्रींच्या तोंडून बोलत होता आणि मी म्हणत होते, जरा थांबा, मला देवाला विचारायचं आहे!

सामान पोहोचलं. उशिरा, पण पोहोचलं. पंगत कलत्या दुपारी बसली. व्याही मंडळी भुकेने रागावली होती. पोटात गरम भात गेल्यावर निवळली. मी काळवंडलेल्या, तेलकट लुगड्यात कोपऱ्यात उभी. जेवणं आटोपल्यावर विलासभाऊंनी मंगेशला बोलावलं. पोराचा अख्खा सीझन माझ्या चिठ्ठीने बुडवला होता.

"पोरा," विलासभाऊ म्हणाले, "गाडी ठोकत होती तरी तू घाबरला नाही. येक गंज चेपला नाही का येक झारा हरवला नाही. ट्रिपा तुलेच देतो." मंगेशचा चेहरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. "फक्त येक अट. माह्या सामानाच्या गाडीत तुही माय नको."

नेरला परतल्यावर रशीद मिस्त्रींपुढे पुन्हा बसलो. त्यांनी एकच विचारलं, "तुमी रोज ज्या पंपावर जाता, तिथं काय भेटते?" "साधंच." "अन् रोजचा रस्ता?" "सपाट." "मंग माइलेजवालीच ठेवा. पुसदची ट्रीप हळू न्या, सामान थोडं कमी भरा." झालं! इतकं सोपं होतं. ते बोलत होते तोवर मी पदर तोंडाशी धरून बसले होते, चुकूनही शब्द निसटू नये म्हणून. त्यांचं संपल्यावर मग बाप्पाला हात जोडले.

आता तेच माझं व्रत झालं आहे. जाणता माणूस बोलत असताना मौन, आणि देवाचं नाव त्यानंतर. ह्यांनी विचारलंच, "फक्त मिस्त्रीपुरतंच मौन? नवऱ्याले काई सवलत?" त्यांच्या बोलण्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. पण मिस्त्रीपुरतं, डॉक्टरपुरतं, खतवाल्यापुरतं हे व्रत तुम्हीही धरा. उद्यापन नाही, उपास नाही. नुसतं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. माझ्यासाठी एवढं कराच.