उचललेली फळी

मांजरा धरणात मासेमारीचा ठेका माझा आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. ज्या पाण्यावर माझ्या इंजिनाच्या होड्या फिरतात, त्याच्या तळाला माझ्या वडिलांचं रान आहे. टायरच्या ट्यूबवर बसून मी मासे धरायला शिकलो आणि आज बर्फाचा टेम्पो माझ्या दारात उभा असतो. यातलं काही मला कुणी फुकट दिलं नाही. त्यामुळे त्या पाण्यावर कुणी हौस म्हणून खेळायला आलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईहून दोघं जण शिडाची होडी घेऊन आले. एक भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, दुसरे त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर. होडी सरांची. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने कुठून तरी जुनी शोधून दिली होती. सरांनी पुस्तकं वाचून सगळी तयारी केली होती. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही नाव कशी जाते, हे त्यांनी काठावरच्या शेळ्या राखणाऱ्यांना हात हलवून समजावून सांगितलं. लोक मान डोलावत होते. शेळ्या निघून गेल्या तरी सरांचं चालूच होतं.

पहिल्याच रविवारी डॉक्टरांनी झोकात नांगर फेकला. दोराचं दुसरं टोक होडीला बांधायचं राहिलं होतं. नांगर गेला, मागोमाग दोर गेला.

"तुम्ही बांधला होता ना?" डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही!"

मग वारा फिरला. शिडाखालचा आडवा दांडा सणसणत आला. सर ओरडले, "वाका!" डॉक्टरांनी "काय?" म्हणून मान वर केली आणि थेट पाण्यात. नारंगी जॅकेटमुळे ते भोपळ्यासारखे तरंगत राहिले. सर होडी घेऊन त्यांच्याभोवती फेऱ्या मारू लागले.

"अहो, थांबवा की!"

"थांबवायचा भाग वाचायचा राहिलाय!"

मी इंजिन लावून गेलो आणि डॉक्टरांना कॉलर धरून वर काढलं. तोवर मलाही मजा वाटत होती.

पुढच्या रविवारी त्यांची होडी माझ्या जाळ्यात अडकली. त्या होडीच्या मधोमध एक फट असते आणि तिच्यातून एक लांब फळी खाली पाण्यात सोडतात. त्या फळीने माझं जाळं उभं फाडलं. मी तिथं पोचलो तेव्हा दोघं जण वाकून, शिवण उसवल्यासारखं एकेक सूत सोडवत बसले होते.

"सर, कावून आलाव बे माझ्या जाळ्यात?" सरांना 'बे' म्हणू नये एवढं मला कळतं, पण रागात तोंडातून गेलं.

"चूक झाली. भरून देतो."

"भरून नगं. ती फळी वर घ्या. ह्या पाण्यावर हिंडायचं असंल तर फळी उचलून हिंडा, न्हाईतर होडी भाईर काढा."

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. सरांनी त्यांना हाताने थांबवलं. जाळ्याला बांधलेल्या माझ्या रिकाम्या बाटल्यांच्या तरंगत्या रांगेकडे त्यांनी बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "फळी वर. शब्द दिला."

मी खूश झालो. समोरच्याला वळवळायला जागा न ठेवणारा सौदा मला आवडतो. आपण त्यांच्याकडून नक्की काय घेतलं, हे विचारायचं मात्र माझ्या मनातही आलं नाही.

त्यानंतर त्यांची होडी आडवी चालू लागली. दुपारचा वारा आमच्या काठावरून समोरच्या काठाकडे वाहतो. जाताना ते ऐटीत जात. परत फिरले की होडीचं तोंड आमच्याकडे आणि होडी मात्र सरकत सरकत समोरच्या बाभळींत. दर रविवारी हेच. संध्याकाळी मी दोर टाकून ओढून आणायचो आणि सर दर वेळी "आभारी आहे" म्हणायचे. काठावर लोक जमू लागले. होडीचं नाव मीच पाडलं, खेकडा.

एकदा मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. "सर, खेकडा कुणीकडं निघाला?" असं ओरडलो, पोट धरून हसलो आणि मासेवाल्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. तिथून तो अंबाजोगाईला गेला, सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे गेला, पुण्याला गेला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सरांच्या पत्नी डबा घेऊन काठावर बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "मॅडम, सरांना काय जमंना बघा."

"आज शेवटचं आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तो व्हिडिओ पोराने बघितला. म्हणाला, लोक हसतात बाबा, विकून टाका. यांनी त्याला सांगितलंय, आज कुणी न ओढता या काठाला परत आलो तर ठेवीन, नाहीतर दिली."

"मग शिकायचं की नीट."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "फळी खाली असल्याशिवाय ती होडी वाऱ्यावर चढतच नाही. पाण्याला धरायला तिला दुसरं काही नाही. पहिल्या रविवारी आले होते ना परत, वेडेवाकडे का होईना? पण यांनी तुम्हाला शब्द दिलाय."

मी उठलो. इंजिनावरच राग काढला आणि निघालो. होडी नेहमीसारखी आडवी सरकत होती.

"सर! फळी सोडा खाली!"

"जाळं आहे पुढे!"

"मरू द्या जाळं! माझं हाय, मी सांगतो ना!"

सरांनी डॉक्टरांकडे बघितलं. फळी खाली गेली. होडी एकदम कललीच, मग तिने जणू पाय रोवला. शीड ताठ झालं आणि ती तिरकी, पण पुढे, आमच्या काठाकडे चढू लागली. डॉक्टरही आता योग्य वेळी वाकत होते. काठावरची हसणारी माणसं पाण्याजवळ आली. मॅडम उभ्या राहिल्या.

मधे माझ्या बाटल्यांची रांग होती, अख्खी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिकडे होडी वळवली, जाळं वर ओढायला लागलो. ओलं जाळं एका माणसाने किती ओढणार? मी ओरडत होतो, "या, सर, या! फाडा!"

रांग अगदी जवळ आली तेव्हा सरांनी फळी वर घेतली.

होडी पुन्हा आडवी झाली आणि सरकत समोरच्या बाभळींत गेली.

मी दोर घेऊन गेलो. "कावून उचलली, सर? म्या सोडा म्हणलं होतं."

"मासे दिसले हो जाळ्यात," ते म्हणाले. "हात आपोआप गेला." आणि दोर घेताना म्हणाले, "आभारी आहे."

पुढच्या शनिवारी मी मधलं सगळं जाळं काढून घेतलं. रविवारी सर आले ते टेम्पो घेऊन. मी म्हणालो, "पाणी मोकळं केलंय. आजचा एक दिवस बघा की." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या बाजूने घासाघीस करत होतो. सरांनी मोकळ्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं. "पोराला शब्द दिलाय," म्हणाले आणि होडीला दोर बांधायला लागले. या वेळी दोन्ही टोकं त्यांनी स्वतः तपासली.

माझं जाळं फाटलं होतं, ते खोटं नाही. अजूनही कुणी फाडलं तर मी भांडेन. पण परवा केजच्या बाजारात एका गिऱ्हाईकाने भाव करता करता मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे बघा, लई भारी हाय." खेकड्याचा व्हिडिओ होता. माझ्या मोबाईलमधून मी तो कधीच काढून टाकलाय. गिऱ्हाईक हसत होतं, आणि त्याच्या हसण्याच्या वर, मोबाईलमधून, माझं हसणं ऐकू येत होतं. त्याने मागितला त्या भावात मी मासे देऊन टाकले.