नायकाची चौकशी

चहा घेताच आहात तर माझ्या गाढवपणाची गोष्टही ऐकून घ्या. साधासुधा नव्हता तो. तो करायला अख्खं गाव लागलं, एक नारळ लागला आणि शेवटी देवालाही मध्ये पडावं लागलं.

आता आधी माझा धंदा सांगते. मी लिहिते. फोन कानाला लावून ऐकायच्या मालिका असतात ना, रोज थोडी थोडी पुढे सरकणारी गोष्ट, त्या लिहिते. त्या वेळी हातात घेतलेली मालिका प्रेमाची होती आणि रहस्याचीही. आयुष्यात घाव बसलेली एक बाई, तसाच घाव बसलेला एक पुरुष, दोघं हळूहळू एकमेकांच्या सोबतीने बरे होतात आणि मधूनमधून कोणीतरी त्यांचा पाठलाग करतं. पाठलाग नसला तर लोक ऐकत नाहीत. नुसतं बरं होणं फार संथ असतं, हे मी अनुभवाने सांगते.

अनुभव असा, की ठाण्याला माझा संसार होता. नवऱ्याला राग आला की हाताला लागेल ते फेकायचा. एक दिवस पिशवी भरली आणि कोकणात देवबागेला मावशीकडे निघून आले; घटस्फोटाचे कागद पुढे यथावकाश झाले. आले तेव्हा ताटली पडली तरी मी भिंतीला चिकटत असे, आणि पाठीमागून कोणी आलं तर किंचाळत असे. बरं, आले कुठे, तर जिथे माणसं प्रेमानेसुद्धा ओरडतात तिथे. "जेवलंस काय गो?" हा प्रश्न इथे खाडीपलीकडे ऐकू जाईल असा विचारतात. सुरुवातीला कितीतरी दिवस अख्खं गाव माझ्याशी भांडतंय असंच मला वाटायचं.

मावशीने यावर औषध काढलं. ती प्रत्येक आवाजाची वर्दी आधी द्यायला लागली. "कुकराची शिट्टी होतली हां." "पातेला ठेवतंय गो." घरात पर्यटकांसाठी खोल्या आहेत, तर त्यांनासुद्धा आल्या आल्या सांगायची, "ऱ्हवा मजेत, पण दार आपटू नकात." माणसं मुंबईहून समुद्र बघायला यायची आणि मांजराच्या पावलांनी वावरायची. त्या माउलीचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार?

तर मालिका. नायिका माझी झकास उभी राहिली होती. ती कुठून आली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. घोडं अडलं ते नायकापाशी.

"फार गुळगुळीत आहे हो तुमचा नायक," संपादक बाई फोनवर म्हणाल्या. "त्याला भूतकाळ द्या, एखादं गुपित द्या. त्याच्याबद्दल ओढही वाटली पाहिजे आणि संशयही."

मी "देते" म्हटलं, फोन ठेवला आणि समोर बघितलं, तर जयवंत मासे घेऊन येत होते.

हे आमचे शेजारी. स्वतःची होडी. हंगामात पर्यटकांना खाडी-समुद्राच्या संगमावर फिरवून आणायचे, एरवी मासेमारी. एकटे राहायचे, बोलायचे कमी, भुवईवर जुना व्रण. आणि एक गूढ सवय. आमच्या वाटेवर एक वाकडा माड आहे. तिथे आले की थांबायचे, मोठ्याने खाकरायचे आणि मगच पुढे यायचे. दुसऱ्या कोणाच्याही दारात ते खाकरत नाहीत, हे मी पाळत ठेवून पक्कं केलं होतं. आता तुम्हीच सांगा, रहस्यकथा लिहिणारी बाई याचा काय अर्थ लावेल? इशारा. दुसरं काय असणार? मी त्या एका खाकरण्यावर चोरटं सोनं उतरवणारी अख्खी टोळी उभी केली.

पण टोळी उभी करणं सोपं, माणूस उभा करायला तपशील लागतो. म्हणून मावशीला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, जयवंतांचं वय काय असेल गं?"

मावशीचा हात सुपात थांबला. "कित्याक गो?"

"एक पात्र करायचंय मालिकेसाठी."

"बरा." तिने सूप बाजूला ठेवलं. "पंचेचाळीस असतली. वायच मोठो दिसता, पण उनातलो माणूस तो."

"लग्न?"

"झाला होता. बायल आजारान गेली, तेका लय वर्सां झाली. पोरबाळ नाय. मगे तेना दुसरा केल्यान नाय."

"आणि तब्येत? ते सारखे खाकरतात ना, छातीचं काही दुखणं?"

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "छाती चांगली आसा तेची. माझी जबाबदारी."

"मावशी, हे पात्रासाठी विचारतेय मी."

"व्हय गो, पात्रासाठीच. मिया खंय काय म्हणतंय?"

इथे चूक काय झाली ती नीट बघा. आमच्याकडे एखादी बाई एखाद्या पुरुषाचं वय, तब्येत, घराणं आणि स्वभाव विचारते ती एकाच कारणासाठी. पात्र उभं करायला जे जे लागतं, नेमकं तेच स्थळ बघायलाही लागतं, हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. शिवाय मावशीचा हिशेब सरळ होता. खोट्या गोष्टीसाठी कोणी खऱ्या माणसाची चौकशी करतं का? म्हणजे गोष्ट हे निमित्त, पोर लाजतेय. मी जितकं "पात्र, पात्र" म्हणायचे तितकी तिची खात्री वाढायची.

मी एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला कुठलं थांबायला होतंय? मी गेले भाऊकाकांकडे. भाऊकाका म्हणजे गावचे मानकरी. देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गावातलं कोणतंही घर त्यांना आतून बाहेरून ठाऊक.

"भाऊकाका, जयवंतांच्या घराण्यात काही काळंबेरं?"

ते ताठ बसले. "घराणा चोख आसा. भावकीत बांधावरसून वाद आसा, पण तसो वाद नसलेला एक घर तू माका कोकणात दाखव."

"कोणी शत्रू?"

"चुलत भाव."

"आणि स्वभाव? म्हणजे राग आला की काय करतात ते?"

हा प्रश्नही मी पात्रासाठीच विचारला, असं मला तेव्हा वाटत होतं. पण उत्तर येईपर्यंत माझी नजर त्यांच्या हातातल्या अडकित्त्यावरून हलली नाही. भाऊकाकांनी अडकित्ता खाली ठेवला. ठाण्याचं सगळं त्यांच्या कानावर होतं.

"राग इलो की तो होडयेत जावन बसता," ते हळू म्हणाले. हळू बोललेले भाऊकाका मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. "राग उतारलो की मासे घेवन घराक येता. टोपली भरलेली दिसली की समजूचा, आज गडी लय तापलो होतो."

मी हसले, आणि घरी येताना वाटेत थोडी रडलेही. संपादक बाईंना मात्र हे काही कळवलं नाही. रागाच्या भरात मासे पकडणारा नायक त्यांना चालला नसता.

त्यानंतर गाव माझ्याशी भलतंच गोड वागायला लागलं. न मागता सोलकढी घरी येऊ लागली. येता-जाता बाया माझ्याकडे बघून हसायच्या. मला वाटलं, लेखिका म्हणून मान वाढला. एक दिवस भाऊकाकांनी रस्त्यातच विचारलं, "मगे, काम खंयसर इला?"

"नायक पक्का झाला, भाऊकाका. आता पुढचं तेवढं सुरू करायचं."

"मग देवाक सांगूया," ते म्हणाले.

मला इतकं भरून आलं. तुम्हाला म्हणून सांगते, आमच्याकडे नवं काही करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवाशी थेट बोलतो, काय हवं ते खणखणीत मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे म्हणतात, "व्हय महाराजा." म्हणजे आमचंही हेच म्हणणं आहे बरं का देवा. माझ्या एका मालिकेसाठी अख्खं गाव देवाकडे शब्द टाकणार होतं. मावशी म्हणाली, "बरी साडी नेस." नेसले.

देवळात ही गर्दी. समोरच्या बाजूला जयवंत इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आणि मला नेमकी तेव्हाच आठवण झाली, की पहिल्या भागात मी नायकाचा व्रण डाव्या भुवईवर लिहिलाय आणि तिसऱ्यात उजव्या. खरा कुठे आहे? मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागले. गाऱ्हाण्याची मला चिंता नव्हती. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत इथे यायचे तेव्हापासून "व्हय महाराजा" माझ्या जिभेवर आहे. कान नसले तरी तोंड बरोबर वेळेवर म्हणतं.

भाऊकाकांनी सुरू केलं. "बा देवा महाराजा, आज तुझ्या पायाकडे हो नारळ ठेवलेलो आसा रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"ह्या चेडू परगावात लय भोगून इला, तेका तुझ्या गावान पदरात घेतला रे महाराजा."

"व्हय महाराजा," मीही म्हटलं. व्रण डावीकडेच वाटत होता, पण त्यांनी मान वळवली.

"तेच्या मनातली भीती, इडापिडा दर्यात बुडव रे महाराजा."

"व्हय महाराजा." किती बारकाईने ऐकलंय यांनी माझं कथानक, असं मला वाटून गेलं.

"आणि तेना जयवंताच्या घराची चौकशी केल्यान, तर तां लगीन जुळवन दी, आणि दोघांचो संसार सुखाचो कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

सगळं देऊळ म्हणालं. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता, हे गाव अजून सांगतं. डोळे त्यांच्या चेहऱ्यावर खिळलेले होते, तेही सांगतं.

शब्द मेंदूपर्यंत पोचायला नारळ फुटावा लागला. नारळाचं एक भकल माझ्या हातात आलं, दुसरं जयवंतांच्या. मावशी रडत होती. जयवंतांचे कान लाल झाले होते. व्रण डावीकडेच होता, पण आता त्याचा काय उपयोग?

घरी आले ती खोलीत जाऊन बसले. माझी फजिती झाली तर झाली, तिची सवय आहे. पण एका सरळ माणसाला अख्ख्या गावासमोर नवरदेव करून आता "ते पात्र होतं हो" म्हणून कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर? पुन्हा कोणाच्या घरात राहायचं, या नुसत्या कल्पनेने मी उठून खोलीची कडी लावली.

सकाळी वाकड्या माडाकडे ते खाकरले. बघते तर हातात मासे काठोकाठ भरलेली टोपली. मला भाऊकाकांचं बोलणं आठवलं.

"तुम्ही रागावलात का हो?" मी अंगणातूनच विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "आज गावले जास्त."

मग मी सगळं सांगून टाकलं. मालिका, संपादक बाई, पात्र, सोनं उतरवणारी टोळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. टोपली ओट्यावर ठेवताना तिचा आवाज होऊ दिला नाही.

"माका वाटलाच होता, तसा कायतरी असतला," ते म्हणाले. "तुमी काळजी करू नकात. गाऱ्हाणा मागे घेवक येता. भाऊकाका परत एक नारळ ठेवतीत, चुकला माकला पदरात घे म्हणतीत. देव कायव मनात धरनत नाय." ते वळले सुद्धा.

सुटले मी. सुटले ना? मग सुटल्यासारखं का वाटत नव्हतं? आणि जाता जाता, सवयीने, नायकाबद्दलचा एक प्रश्न राहिला होता तो विचारला.

"तुम्ही त्या माडाकडे रोज का खाकरता?"

ते एकदम अवघडले. "मावशी बोलली माका. पाठसून कोण इलो तर तुमी दचाकतास. म्हणान लांबसूनच कळवतंय."

मी तिथेच ओट्यावर बसले. माझ्या एका भीतीसाठी हा माणूस रोज माडाखाली थांबत होता, आणि मी त्याला चोरांना सामील करून ठेवलं होतं. घावातून माणसं कशी बरी होतात यावर मी भागामागून भाग लिहीत होते, आणि मला बरं करायचं काम चाललं होतं ते माझ्याच दारात.

"भाऊकाकांना काही सांगू नका," मी म्हटलं. "देवाला पुन्हा पुन्हा कशाला त्रास?"

लगेच काही झालं नाही बरं का. मला बराच वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही, गावानेही केली नाही, म्हणजे गावाने केली, पण मावशीने गावाला दटावलं. शेवटी त्याच देवळात, या वेळी नीट कान देऊन, मी "व्हय महाराजा" म्हटलं.

पुढे हा देवळातला सगळा प्रसंग जसाच्या तसा मालिकेत घातला. संपादक बाईंचा फोन आला. "बाकी ठीक आहे, पण हे पटत नाही हो. नायिका इतकी बावळट दाखवू नका."

मी म्हटलं, "बदलते."

जयवंत मात्र बदलले नाहीत. मी दचकायची थांबले तरी ते अजून माडाकडे खाकरतात. तो आवाज ऐकला की मला आजही भरून येतं. परवा तर ते सारखे खाकरत होते, माडाकडे, ओट्यावर, जेवताना. मी दिवसभर कृतज्ञतेने विरघळत होते. शेवटी स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, आणि या वेळी तिने काही वर्दी दिली नाही.

"गो, तेका खोकलो झालो हा. नुसती बघत काय ऱ्हवलंस? काढो कर."