सासुरवाडीला पोचलेली बॅग

ते प्रकरण आठवलं की आजही आधी हुश्श होतं आणि मग हसू येतं. नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण एका सरळ माणसाला खुनाच्या प्रयत्नात आत टाकता टाकता आपण थांबलो, ही सुटका विसरता येत नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं इथलीच आहेत, बाजारात भेटतात.

मी तेव्हा नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस तुरीचे होते आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. एका संध्याकाळी फोन आला की शेतातल्या मचाणावर राखणीला बसलेल्या रखवालदाराला गोळी लागली. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी त्याला अमरावतीच्या दवाखान्यात हलवलं होतं. जखम मांडीला होती, जिवाला धोका नव्हता. गोळी आरपार गेली होती आणि शोधूनही सापडली नाही. "रस्त्याकून आवाज झाला अन् मी खाली पडलो," एवढाच त्याचा जबाब.

घटनास्थळाचा पंचनामा चालू असताना गावातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आफ्रिकेवाल्याची रायफल पाहा. आज सकाळीच हाटेलात सांगून राहिला होता, आज एक तरी डुक्कर पाडतोच म्हने."

आफ्रिकेवाला म्हणजे त्याच गावचा शेतकऱ्याचा मुलगा. तिकडे शिकारीच्या कॅम्पवर मेकॅनिक म्हणून अर्धं आयुष्य काढून तो नुकताच कायमचा घरी आला होता. मालकानं दिलेली शिकारीची रायफलही सोबत आणली होती. विमानानं बंदूक आणणं म्हणजे साधं काम नाही. आधी इथला परवाना हवा, विमान कंपनीला कळवावं लागतं, रायफल कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते. मुंबईला उतरल्यावर कस्टमवाले नंबर ताडून, शुल्क भरून घेऊन पेटी ताब्यात देतात. हे सगळं यानं रीतसर केलं होतं. डुकरं मारायची वनखात्याची परवानगीही हातात होती. गावाची सगळी आशा त्याच्यावरच होती.

त्याच्या घरी गेलो. त्यानं परवाना, कस्टमचे कागद आणि रायफलची पेटी निमूटपणे पुढे ठेवली. पेटी उघडली तर रायफलीला बोल्ट नव्हता. बोल्ट म्हणजे मागे ओढून पुढे ढकलायचा तो लोखंडी दांडा. तो नसेल तर गोळी सुटतच नाही.

"बोल्ट कुठं आहे?"

"हाय ना साहेब."

"कुठं?"

"ठेवलेला हाय."

"अरे, पण कुठं?"

गडी पेटीचं झाकण लावू लागला. माझ्या पोलिसी डोक्यानं ताबडतोब हिशेब जुळवला: यानं गोळी झाडली, माणसाला लागली, म्हणून बोल्ट लपवला. त्याला ठाण्यात आणलं. त्याची बायको मागोमाग आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विचारपूस चालली. गोळी झाडली का, तर नाही. बोल्ट कुठं, तर खाली मान. मी चिडलो होतो. अटक दाखवून कोर्टात उभं केलं असतं तर पन्नाशीत घरी परतलेला हा माणूस सरळ तुरुंगात गेला असता. कागद तयार होते, माझी सही तेवढी राहिली होती. पण मला एक गोष्ट खटकत होती. खोटं बोलणारा माणूस बडबड करतो, दहा गोष्टी सांगतो. याला खोटं रचताच येत नव्हतं. तो नुसता लाजत होता.

मी शिपायाला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि विचारलं, "बोल्ट कोणापासून लपवतोस? माझ्यापासून?"

"तुमच्यापासून कायले लपवू साहेब?" त्याचे डोळे भरून आले. "तुमी हसान."

"नाही हसणार. बोल."

"बोल्ट माह्याजवळ आलाच नाई."

मग सगळं बाहेर पडलं. बोल्ट रायफलीपासून वेगळा ठेवायचा म्हणून त्यानं तो दुसऱ्या बॅगेत टाकला होता. मधे विमान बदललं, त्यात ती बॅग मागे राहिली. बॅग आली की कुठं पाठवायची, असं मुंबईच्या काउंटरवर त्याला विचारलं.

"गावचा पत्ता देल्ला असता तं सारं गाव गोळा झालं असतं. लोक म्हनले असते, बिनाबोल्टाची रायफल घेऊन आला लेकाचा. म्हनून सासऱ्याचा पत्ता देल्ला, अकोल्याचा."

"मग बॅग आली का तिथं?"

"मालूम नाई."

"फोन नाही केलास?"

"जवाई मानूस मी साहेब. बॅग हरवली म्हनून सासऱ्याले सांगू?"

"आणि काल हाटेलात डुक्कर पाडतो म्हणालास ते?"

"फोकनाड होती साहेब, नुसती थाप."

मी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! तुरुंगात जाशील, पण फजिती नको?"

"मले पायजे तर आत टाका," तो हात जोडून म्हणाला, "पन सासुरवाडीत पोलिसाची गाडी नका नेऊ. बायकोले माहेरी तोंड दाखवायले जागा राह्यनार नाई."

नाही म्हटलं तरी हसू आलंच. मी त्याला शब्द दिला. साधे कपडे घातले, ओळखीच्याची गाडी घेतली आणि जावयाचा मित्र म्हणून अकोल्याला गेलो. म्हातारे सासरे ओट्यावरच भेटले. मी म्हटलं, जावईबापूंनी बॅग मागवली आहे. त्यांनी बसवलं, चहा पाजला आणि आतून बॅग आणली. वर स्वच्छ चादर घातलेली होती. कस्टमची पट्टी आणि शिक्का जसाच्या तसा होता.

"उघडली नाही?"

"जवायाची बॅग कोन उघडते?" मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "साहेब, कपडे बदलले, बूट राहून गेले."

पोलिसी तांबडे बूट पायात तसेच होते! नाइलाजानं मी खरं सांगितलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "बॅग आनून देनाऱ्यानं सांगतलं, बंदुकीचा पुर्जा हाय, सही करा. पन जवायानं आपल्या तोंडानं सांगतलं नाई, तं मी कायले विचारू? बिचारा सुटते ना?" निघताना ते गाडीपर्यंत आले. "एक करा साहेब. मले समजलं म्हनून त्याले सांगू नका."

ठाण्यात पंचांसमोर आणि आफ्रिकेवाल्यासमोर शिक्का तोडला. शर्टांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेला बोल्ट निघाला. मुंबईच्या कस्टमला फोन लावला. बॅग नंतरच्या विमानानं आली, तपासून रायफलीच्या नोंदीशी जुळवली आणि आम्हीच बंद केली, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्या संध्याकाळी गावातल्या रायफलीतून गोळी सुटणं शक्यच नव्हतं. खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मलाच जास्त बरं वाटलं.

मग दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, गोळी मांडीत वरून शिरून खाली गुडघ्याकडे निघाली आहे. मी रखवालदाराच्या खाटेशी बसलो. "तू मचाणावर, मारणारा खाली रस्त्यावर. मग गोळी वरून खाली कशी गेली?"

तो ढसाढसा रडला. आजोबांची ठासणीची बंदूक त्याच्याजवळ होती, परवाना नव्हता. मचाणावरून उतरताना पाय घसरला आणि तीच उडाली. पोलिसांच्या भीतीनं त्यानं ती तुरीत टाकून दिली होती.

"आफ्रिकेवाल्याचं नाव का घेतलंस?"

"मी नाई घेतलं साहेब, गावानं घेतलं. मी फक्त नाई म्हनलो नाई."

बंदूक जप्त केली, त्याच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला, पुढे जामीन झाला. आफ्रिकेवाला मात्र त्याच रात्री घरी गेला. बायको आधी त्याच्यावर खेकसली आणि मग पदरात तोंड लपवून रडली.

लपवणारा प्रत्येक माणूस पोलिसांपासूनच लपवत असतो असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर संशयिताला काय लपवतोस असं विचारायच्या आधी, कोणापासून लपवतोस असं विचारायची सवय लावून घेतली. फार उपयोग झाला.

काही दिवसांनी तो पेढे घेऊन ठाण्यात आला. चेहरा खुलला होता.

"अकोल्याले जाऊन आलो साहेब. भेव वाटून राहिलं होतं. पन सासऱ्यानं एक शब्द नाई काढला. जेवू घातलं, अन् विचारलं, काय जवाईबुवा, यंदा तुरीवर अळी हाय का?" त्यानं समाधानानं पेढा पुढे केला. "बरं झालं, त्याइले काईच समजलं नाई."

मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, "हो ना, फार बरं झालं."