रिकाम्या खोलीतला आवाज

वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं लेथ चालवून सांडूअण्णा रिटायर झाले, तेव्हा पुंडलिकनगरच्या घरात बायको होती. दोनच वर्षांत द्वारकाबाई गेल्या. वर्षश्राद्धाला पुण्याहून आलेल्या ऋतुराजनं, त्यांच्या लेकानं, सोफा, दिवाण, पडदे सगळं काढून टाकलं. "एकट्यानं किती झाडत बसणार अण्णा?" म्हणाला आणि परत गेला.

तेव्हापासून अण्णांना टीव्हीवरचे अभंग गोड लागेनात. शब्द एकमेकांत मिसळून घुमायचे. मग त्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून वेगळा अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. आवाज मोठा झाला, घुमणं तेच राहिलं.

दुकानातला मेकॅनिक राम, पन्नाशीचा माणूस, बघायला आला. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं एक टाळी वाजवली. भिंतींवरून ती परत आली.

"मशीनमधी काय नाय अण्णा. खोली मोकळी हाय. लाखाचं आणलं तरी असंच घुमंल. कायतरी जाडजूड लावा, गोधड्या-बिधड्या."

माळ्यावर द्वारकाबाईंच्या हातच्या सात गोधड्या होत्या. लेकी-सुनांसाठी शिवलेल्या, वॉशिंग मशीनमध्ये मावत नाहीत म्हणून कुणी नेल्या नव्हत्या. अण्णांनी तीन भिंतीला टांगल्या, बाकीच्या अंथरल्या आणि अभंग लावला. ओळ उचलण्याआधी गाणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

त्यांनी नवं मशीन बंद करून नुसता टीव्ही लावून पाहिला. तोही स्वच्छ बोलत होता. नव्यात मृदंग जरा भरून वाजायचा, एवढाच काय तो फरक.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ऋतुराजला फोन लावून अण्णांनी तो स्पीकरपुढं धरला.

"फोनवर काय कळणार अण्णा? दिवाळीला आलो की ऐकतो."

दिवाळीला पाच महिने होते.

तीन दिवसांनी अण्णांनी रामला फोन केला. "डावा स्पीकर जरा खरखरतोय."

दुपारी राम आला. त्यानं स्पीकरला बराच वेळ कान लावला. खरखर कुठंच नव्हती. त्यानं वळून पाहिलं, तर अण्णा खाली बघत होते.

रामनं हत्यारांची पिशवी बाजूला ठेवली आणि गोधडीवर मांडी घातली.

"पहिल्यापासून लावा बरं. पुरं ऐकल्याबिगर नाय कळायचं."

साडेपाचला तो गेला. तो बसला होता तिथं गोधडी चुरगळली होती. अण्णांनी ती तशीच राहू दिली.