मेनूत दोन आप्पा

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

कॉम्प्युटरच्या मेनूतून फोल्डर निवडलं की तिथंच कमांडची काळी खिडकी उघडते, एवढं मी माझं माझं शिकलोय. दुपारी शेजारच्या आप्पांच्या भजनांच्या जादा फायली काढायच्या होत्या. मेनूतलं ‘आप्पा’ निवडलं, सगळं पुसायचा हुकूम टाइप केला. एंटर तेवढं राहिलेलं.

मागून थोरली आक्का म्हणाली, “कुठल्या आप्पाचं पुसतोस रं?”

बेळगावात घरटी एक आप्पा असतो. खिडकीतला फोल्डरचा पत्ता वाचला. ते फोल्डर आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं होतं. त्यांचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय.

“फोल्डरला त्यांचं नाव घाल.”

“वडलांना नावानं कशी हाक मारू?”

“मग पूस जा.”

घातलं नाव. तुम्ही घातलंय का?